तळटिपा सारख्या बिघडतात? वर्डमधल्या मराठी प्रबंधासाठी दुरुस्ती

वरचा मजकूर कोकिळा फॉन्टमध्ये आणि खालची टीप मंगलमध्ये. टीप क्रमांक ३७ झाली की पुढची एकदम १. मधेच अर्धं पान कोरं, आणि पुढच्या पानाच्या तळाशी तीन ओळींची टीप. सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदलला, साइझ कमी केली, जरा हायसं वाटलं. तोवर एक नवी टीप घातली आणि ती पुन्हा जुन्याच अवतारात आली. पुणे विद्यापीठात प्रबंध सादर करणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे, त्यातही इतिहास, मराठी आणि संस्कृतवाल्यांची. विज्ञानवाल्यांचं बरं असतं, त्यांचे संदर्भ कंसात भागतात.

बिघाड परत परत येतो याचं कारण आपण टीप पानावर दुरुस्त करतो. वर्ड मात्र टिपेचं रूप स्टाइलवरून, म्हणजे फॉन्ट, साइझ, अंतर यांच्या एका नाव दिलेल्या नोंदीवरून ठरवतं. नवी टीप घातली की ती स्टाइलकडे बघून जन्माला येते, तुम्ही शेजारच्या टिपेवर केलेली मेहनत तिला माहीत नसते. आणि मराठीत त्या स्टाइलला दोन कप्पे असतात, एक रोमन लिपीचा, एक देवनागरीचा. बहुतेक जण एकाच कप्प्याला हात लावतात.

आधी टीप खरी आहे का ते बघा

मजकुरातल्या त्या वर चढलेल्या आकड्यावर माउस नुसता नेऊन थांबवा. टिपेचा मजकूर छोट्या चौकटीत दिसला, किंवा आकड्यावर डबल-क्लिक केल्यावर कर्सर थेट तळाशी गेला, तर टीप खरी. काहीच झालं नाही तर तो आकडा कुणीतरी हाताने टाइप करून वर चढवलेला आहे आणि खालची टीप हा निव्वळ एक बारीक अक्षरातला परिच्छेद आहे. अशा टिपेला पुढचा कुठलाच उपाय लागू पडत नाही.

खोट्या टिपांचा मोठा साठा जुन्या फॉन्टमधून येतो. श्री-लिपी काय किंवा सी-डॅकचं आयएसएम काय, दोन्ही सॉफ्टवेअरं आपल्या पुण्यातलीच. त्यांत वर्षानुवर्षं टाइप झालेली प्रकरणं अजून लोकांच्या पेन ड्राइव्हवर आहेत. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, म्हणून युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लागतो. ब्राउझरमधल्या कन्व्हर्टरच्या चौकटीत मजकूर चिकटवला की आत पोचतो तो फक्त साधा मजकूर. टिपांचे दुवे वाटेत गळतात, वर चढवलेला आकडाही खाली येऊन शब्दाला चिकटतो.

इथे जादू नाही. मुख्य मजकूर आणि टिपा वेगवेगळ्या कन्व्हर्ट करा, जुनी छापील प्रत शेजारी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी ऑल्ट+कंट्रोल+एफ दाबून खरी टीप घाला. टिपेचा मजकूर चिकटवताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा, नाहीतर जुना फॉन्ट मागच्या दाराने परत येतो. आकडे नुसते सुपरस्क्रिप्ट केलेले असतील, म्हणजे मजकूर कन्व्हर्टरमधून गेलेला नसेल, तर ते शोधायला फाइंडमध्ये शब्द न लिहिता फॉरमॅटमधून सुपरस्क्रिप्टची अट तेवढी घाला. एकेक आकडा समोर येत जातो. एखादी दुपार जाईल. पण मार्गदर्शकांनी 'इथे आणखी एक संदर्भ द्या' म्हटल्यावर पुढचे सगळे आकडे हाताने वाढवत बसण्यापेक्षा ती दुपार स्वस्त.

एका स्टाइलचे दोन कप्पे

पेशवाईवर काम करणाऱ्याची एखादी टीप घ्या. आधी पुणे पुराभिलेखागार, पेशवे दप्तर, रुमालाचा क्रमांक; मग अर्धविराम; मग एखाद्या इंग्रजी ग्रंथाचं नाव आणि पृष्ठ. एका ओळीत दोन लिप्या. वर्ड दोन्हींसाठी फॉन्ट आणि साइझ वेगवेगळी लिहून ठेवतं. रोमनची नोंद 'लॅटिन टेक्स्ट'खाली, देवनागरीची 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली. रिबनवरच्या फॉन्टच्या चौकटीत एका वेळी एकच नाव दिसतं, त्यामुळे दुसराही कप्पा आहे याचा पत्ता लागत नाही.

कुठल्याही टिपेत कर्सर ठेवा आणि कंट्रोल+शिफ्ट+एस दाबा. छोटी खिडकी उघडते, तिच्यात त्या टिपेच्या स्टाइलचं नाव असतं. तिथे 'फूटनोट टेक्स्ट' हवं. 'नॉर्मल' किंवा भलतंच नाव दिसलं तर ती टीप दुसऱ्या फाइलमधून आलेली आहे. गूगल डॉक्समधून उतरवलेल्या फाइलींत हे हमखास सापडतं: टिपा खऱ्या असतात, पण अंगावर फूटनोट टेक्स्ट नसतं, नुसतं वरून केलेलं फॉरमॅटिंग असतं.

त्याच खिडकीत फूटनोट टेक्स्ट निवडून 'मॉडिफाय' दाबा, मग डावीकडे खाली 'फॉरमॅट', त्यात 'फॉन्ट'. आता दोन्ही कप्पे समोर येतील. कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग दिसतच नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

दोन्ही कप्प्यांत आकडा एकच ठेवायचा असा नियम नाही. माझ्या मते ठेवूच नये. कोकिळा, उत्साह, अपराजिता यांची अक्षरं त्याच पॉइंटात लहान दिसतात. टाइम्स न्यू रोमन १० च्या शेजारी कोकिळा १० ठेवलं तर मराठी अगदी किडमिडीत वाटते, तिथे १२ किंवा १३ लागतात. मंगलचं उलट. अक्षर मोठं, ओळ उंच, त्याला ९ सुद्धा पुरतं. एक मिश्र टीप छापून बघा आणि डोळ्याने ठरवा. विद्यापीठाच्या नियमावलीतला '१० पॉइंट' बहुधा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो, तेव्हा मार्गदर्शकांना विचारून घ्या म्हणजे पुढे वाद नको.

मॉडिफायच्या खिडकीतून बाहेर पडण्याआधी आणखी दोन गोष्टी. फॉरमॅटमधलाच 'पॅराग्राफ' उघडा. फूटनोट टेक्स्ट ही नॉर्मलवर बेतलेली स्टाइल आहे; तुम्ही प्रबंधासाठी नॉर्मलला पहिल्या ओळीचं इंडेंट आणि दीडपट अंतर दिलं असेल तर जे फूटनोट टेक्स्टमध्ये स्वतंत्रपणे ठरवलेलं नाही ते सगळं वारशाने टिपेत उतरतं. इंडेंट शून्य, आधीचं-नंतरचं अंतर तुम्हाला हवं ते, पण स्पष्ट भरा. अलाइनमेंट डावीकडची ठेवा. टिपांत लांबलचक वेब-पत्ते असतात, आणि दोन्ही बाजू जुळवायच्या नादात वर्ड शब्दांमध्ये खिंडारं पाडतं. (पत्ताच फार लांब असेल तर इन्सर्ट, सिम्बॉल, स्पेशल कॅरेक्टर्समध्ये 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' आहे, तिरक्या रेघेनंतर तो टाकला की पत्ता तिथे तुटतो, हायफन न दिसता.) दुसरी गोष्ट, 'ऑटोमॅटिकली अपडेट'वर टिक असेल तर काढून टाका. ती असली की एका टिपेत केलेला किरकोळ बदल साऱ्या प्रबंधात पसरतो.

आता जुन्या टिपा रांगेत आणायच्या. एका टिपेत क्लिक करून कंट्रोल+ए दाबा. फक्त टिपा निवडल्या जातात, वरच्या मजकुराला धक्का लागत नाही. फूटनोट टेक्स्ट लावा, मग कंट्रोल+क्यू दाबा, म्हणजे परिच्छेदावर वरून चढवलेलं अंतर-इंडेंट उतरेल. याच झटक्यात कंट्रोल+स्पेस दाबायचा मोह होतो. तो आवरा. त्याने अक्षरांवरचं सगळंच फॉरमॅटिंग जातं, त्यात टिपेच्या सुरुवातीच्या आकड्याची 'फूटनोट रेफरन्स' ही स्टाइलही गेली, म्हणजे आकडा वरून धपकन खाली. आणि इंग्रजी ग्रंथनामांचे तिरपे टाइपही सरळ झाले. फॉन्ट हट्टीपणाने तसाच राहिलेल्या टिपा थोड्याच असतात. त्यांत आकडा सोडून पुढचा मजकूर निवडा आणि तिथे कंट्रोल+स्पेस वापरा.

देवनागरी आकडा

रेफरन्सेस टॅबवर फूटनोट्स गटाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. तो दाबला की नंबर फॉरमॅटच्या यादीत १, २, ३ सापडतं. यादीत देवनागरी नसेल तर मघाचीच भाषेची जोडणी राहिली आहे. 'अप्लाय चेंजेस टू' मध्ये 'होल डॉक्युमेंट' ठेवायला विसरू नका, नाहीतर एका प्रकरणात १ आणि पुढच्यात इंग्रजी 1 असा खिचडीचा कारभार होतो. पृष्ठांकांचं फॉरमॅट वेगळ्या ठिकाणी असतं, ते या बदलाने बदलत नाही.

देवनागरी अंक सुपरस्क्रिप्टमध्ये फार बारीक होतात. छापल्यावर १ आणि ९ यांत फरक करायला भिंग लागतं. फूटनोट रेफरन्स स्टाइल मॉडिफाय करा, सुपरस्क्रिप्टची खूण काढा, फॉन्टच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर 'पोझिशन'मध्ये 'रेज्ड' निवडून तीन-चार पॉइंट द्या आणि साइझ ८-९ करा, दोन्ही कप्प्यांत. वर्डमध्ये मजकुरातला आकडा आणि टिपेच्या सुरुवातीचा आकडा या दोघांना हीच एक स्टाइल असते, त्यामुळे बदल दोन्हीकडे होईल.

मजकुरातले काही आकडे तरीही जुमानत नसतील तर कंट्रोल+एच उघडा. फाइंडमध्ये कॅरट चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी छोटा एफ. तळटिपेची खूण याने सापडते. रिप्लेसमध्ये कॅरट आणि अँड चिन्ह, शिवाय फॉरमॅट, स्टाइल, फूटनोट रेफरन्स. रिप्लेस ऑल. सगळे ओळीत येतात.

टिपेच्या सुरुवातीचा आकडाच कुणी खोडला असेल तर शेजारच्या टिपेचा आकडा कॉपी करून तिथे चिकटवा. तो आपला क्रमांक आपण घेतो.

क्रमांक मधेच १ वर का येतो

नव्वद टक्के वेळा, असं मी ठोकून देतो, दोष आडव्या पानाचा असतो. प्रकरणानुसार क्रमांक नव्याने सुरू व्हावेत म्हणून आपण 'रीस्टार्ट ईच सेक्शन' निवडलेलं असतं. मग प्रकरण तीनमध्ये एक नकाशा किंवा रुंद तक्ता येतो, त्याच्यासाठी पान आडवं करायचं म्हणून मागेपुढे दोन सेक्शन ब्रेक पडतात. वर्डच्या हिशेबी आता तिथे तीन सेक्शन झाले, आणि प्रत्येकात मोजणी एकपासून. आडव्या पानावर क्लिक करून फूटनोटच्या खिडकीत नंबरिंग 'कंटिन्युअस' करा, पण 'अप्लाय चेंजेस टू'मध्ये यावेळी 'धिस सेक्शन'. त्यानंतरच्या उभ्या भागातही तेच करा. सेक्शन कुठे कुठे आहेत ते कंट्रोल+शिफ्ट+८ ने खुणा दाखवल्यावर दिसतं.

क्रमांक १ वर न जाता मधले आकडे गाळत असतील, १४ नंतर एकदम १६, तर ट्रॅक चेंजेस बघा. मार्गदर्शकांनी खोडलेली टीप 'अॅक्सेप्ट' करेपर्यंत मोजणीत धरलेली असते, दिसत नसली तरी. आणि टीप काढायची असेल तेव्हा वरचा आकडा खोडायचा. खालचा मजकूर पुसून काही होत नाही, रिकामा क्रमांक तसाच उभा राहतो.

रेघ आणि कोरी जागा

टिपांच्या वरची आडवी रेघ प्रिंट लेआउटमध्ये सिलेक्टच होत नाही, म्हणून लोक तिला असाध्य रोग समजतात. व्ह्यू टॅबवरून 'ड्राफ्ट'मध्ये जा, मग रेफरन्सेसमधलं 'शो नोट्स'. खाली एक पट्टा उघडतो, त्याच्या यादीतून 'फूटनोट सेपरेटर' निवडा. रेघ आता साध्या परिच्छेदासारखी हाताशी येते. ती सरकलेली असेल तर तिने नॉर्मलचं इंडेंट उचललेलं असतं. इंडेंट आणि अंतर शून्य करा. रेघच गायब असेल तर 'रीसेट' दाबा. त्याच यादीत 'कंटिन्युएशन सेपरेटर' आहे, टीप पुढच्या पानावर वाहते तेव्हा दिसणारी लांब रेघ. तिलाही हाच उपचार.

ओळींमधलं अंतर आकड्यांमुळे वरखाली होत असेल तर इंग्रजी मार्गदर्शिका 'एक्झॅक्टली' हा पर्याय सुचवतात. देवनागरीत जरा जपून. इंग्रजीच्या हिशेबाने १२ पॉइंट भरले की वरचे रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात, खालचे उकार बुडतात. 'कर्तृत्व, दृष्टी, वाङ्मय, विठ्ठल' अशी एक ओळ टाइप करा आणि सगळं शाबूत दिसेपर्यंत आकडा वाढवा. फॉन्टच्या दीडपट धरून सुरुवात केलीत तर फार भटकावं लागत नाही.

अर्ध्या कोऱ्या पानामागे सहसा 'कीप लाइन्स टुगेदर' किंवा 'कीप विथ नेक्स्ट' असतं. खुणा चालू केल्यावर परिच्छेदाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन दिसला की समजा. वर्डला आकड्याची ओळ आणि टिपेची निदान सुरुवात एकाच पानावर हवी असते. टिपेला 'तुटायचं नाही' असं बजावलं आणि ती लांब निघाली, की आकड्याची ओळ टिपेला घेऊन पुढच्या पानावर निघून जाते. फूटनोट टेक्स्टच्या पॅराग्राफमध्ये 'लाइन अँड पेज ब्रेक्स'वरची ही टिक काढा. एंटर मारमारून जागा भरू नका. वरच्या प्रकरणात एक वाक्य वाढलं की सगळे एंटर भलत्या पानावर उगवतात.

टीप तुटून पुढच्या पानावर गेली म्हणजे काही अप्रतिष्ठा नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, १९१९ साली सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली, एकदा उघडून बघा. वर मोजके श्लोक आणि खाली पाठभेदांची दाट वस्ती अशी पानं तिथे भेटतात, आणि त्यामुळे कुणी तिला विस्कळीत म्हटलेलं नाही. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर मजकूर चार ओळी आणि टीप पार तळाशी हे मात्र डोळ्यांत खुपतं. फूटनोटच्या खिडकीत 'बॉटम ऑफ पेज'ऐवजी 'बिलो टेक्स्ट' केलं की टीप मजकुराला लागून वर येते. दोन रकान्यांचा लेख असेल आणि टिपाही रकान्यांत चिरडत असतील तर तिथेच 'कॉलम्स' एकवर आणा.

तत्रैव

'तत्रैव' (म्हणजे आधीच्या टिपेतल्याच ग्रंथात) आणि 'वरील टीप १२ पाहा' ही दोन्ही सुरुंग आहेत. मधे एक टीप घुसली की तत्रैव भलत्या ग्रंथाकडे बोट दाखवतं, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर पकडून देत नाही. शेवटचा खर्डा होईपर्यंत तत्रैव लिहूच नका. लेखकाचं आडनाव आणि ग्रंथाचं आखूड नाव लिहा. क्रमांकाचा उल्लेख हवाच असेल तर रेफरन्सेसमधलं 'क्रॉस-रेफरन्स' वापरा, प्रकार 'फूटनोट' निवडा. हे आकडे आपोआप ताजे होत नाहीत, एफ-९ दाबावं लागतं. मजकुरात कंट्रोल+ए करून एफ-९ दाबलं तरी टिपांमधले उल्लेख शिळेच राहतात. टिपेत क्लिक करून तेच पुन्हा करायचं.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी

तिथेही दोन कप्प्यांचीच गोष्ट आहे, फक्त नावं 'वेस्टर्न' आणि 'सीटीएल' अशी. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, मग 'फूटनोट' या परिच्छेद-स्टाइलच्या फॉन्ट पानावर दोन्ही भरा. एका बाबतीत ते वर्डपेक्षा शहाणं आहे: मजकुरातल्या आकड्याला 'फूटनोट अँकर' आणि टिपेतल्या आकड्याला 'फूटनोट कॅरेक्टर्स' अशा वेगळ्या स्टाइली असतात, त्यामुळे वरचा आकडा चढवून खालचा ओळीत ठेवता येतो. रेघ आणि टिपांना मिळणारी कमाल उंची पेज स्टाइलच्या फूटनोट पानावर असते.

छपाईला जाताना

घरी नीट, दुकानात विस्कटलं, याचं कारण बहुधा फॉन्ट. विंडोज १० पासून कोकिळा, उत्साह, अपराजिता आणि मंगलसुद्धा देवनागरीच्या पूरक फॉन्टच्या गठ्ठ्यात गेले. ज्या मशीनवर तो गठ्ठा नाही तिथे वर्ड दुसरा फॉन्ट वापरतं, बहुधा निर्मला यूआय. ओळींची लांबी बदलते, पानं बदलतात, टिपा एका पानावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करा, किंवा शोभिका, टिरो देवनागरी मराठी असे मोफत फॉन्ट सुरुवातीपासूनच वापरा आणि फाइलबरोबर फॉन्टही न्या. सर्वांत बरं म्हणजे वर्डची फाइल नेऊच नका. शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी, पीडीएफ लागतेच, ती घरच्या मशीनवर 'सेव्ह अॅज'मधून काढा, अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स पानावर प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' असल्याची खात्री करा, आणि बाइंडिंगला तीच द्या.